थोड्या दिवसांचा प्रशिक्षक

१६ जून १९९० रोजी इटलीतल्या ट्यूरिनमध्ये ब्राझीलसमोर कोस्टा रिकाचा संघ उतरला, तेव्हा खेळाडूंच्या अंगावर काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांची जर्सी होती. कोस्टा रिकाचा झेंडा निळा, पांढरा आणि लाल. त्यात काळा कुठेच नाही. पण ट्यूरिन हे युव्हेंटस या बड्या क्लबचं गाव आणि काळे-पांढरे पट्टे ही युव्हेंटसची ओळख. त्यातून ब्राझीलच्या संघात कारेका आणि अलेमाव हे नापोलीचे दोन खेळाडू. त्याच वर्षी नापोलीने इटलीची लीग जिंकली होती, म्हणजे ट्यूरिनकरांना त्यांच्याबद्दल प्रेमाचं भरतं येण्याचं काही कारण नव्हतं. ही जर्सी ला लिबर्ताद या कोस्टा रिकातल्या जुन्या क्लबची आठवण म्हणून घातली, असंही सांगितलं जातं. तेही खरं असेल. पण ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्या माणसाला ओळखणारे कारण विचारत बसले नसतील. परक्या शहरात, फुकटात, एका कपड्याच्या जोरावर थोडे प्रेक्षक आपल्या बाजूला वळत असतील तर का नाही वळवायचे?

सामना ब्राझीलने १-० असा जिंकला. म्युलरचा एक गोल, बस्स. जेमतेम तीस लाख वस्तीचा देश पहिल्यांदाच विश्वचषकात आला होता. ब्राझील त्यांचा पालापाचोळा करणार, असंच सगळे धरून चालले होते.

त्या संघाचा प्रशिक्षक होता बोरा मिलुटिनोविच. सर्बियाचा. १९८६ ते २००२ या काळात सलग पाच विश्वचषकांत पाच वेगवेगळ्या देशांच्या बाकावर बसलेला माणूस: मेक्सिको, कोस्टा रिका, अमेरिका, नायजेरिया, चीन. पाच देश ब्राझीलच्या कार्लोस आल्बेर्तो पारेइरानेही सांभाळले, पण असे ओळीने नाहीत. शिवाय बोराच्या पाचांपैकी चार संघ पहिली फेरी ओलांडून पुढे गेले, आणि त्या चारांत ब्राझील-जर्मनीसारखा दादा संघ एकही नव्हता.

मी त्याच्या मागे लागलो तो बऱ्याच उशिरा. १९९० मध्ये आम्ही पोरं मॅराडोना आणि कॅमेरूनच्या रॉजर मिलात गुंगलेलो. कोस्टा रिका कुठे आहे हे शाळेच्या ॲटलासमध्ये बोट फिरवून शोधावं लागलं होतं. पुढे दर चार वर्षांनी विश्वचषक आला की टीव्हीच्या पडद्यावर तोच विस्कटलेल्या केसांचा, चष्मा लावलेला, मिश्कील चेहरा दिसायचा आणि छातीवर दर वेळी वेगळाच बिल्ला. हा माणूस नक्की कुणाचा, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे.

बोराचा जन्म ७ सप्टेंबर १९४४ चा, द्रिना नदीकाठच्या बायिना बाश्टा गावातला. सर्बिया तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता. आईवडील लहानपणीच गेले. मुलं वाढली नातेवाइकांकडे, पूर्व सर्बियातल्या बोर या तांब्याच्या खाणींच्या गावात. तीन भाऊ: मिलोश, मिलोराद आणि धाकटा बोरा. तिघेही फुटबॉल खेळले आणि तिघेही बेलग्रेडच्या पार्टिझान क्लबकडून खेळले. त्यातला मिलोश म्हणजे खरा हिरा. आज ज्याला आपण चॅम्पियन्स लीग म्हणतो त्या युरोपियन कपचा अगदी पहिला सामना ४ सप्टेंबर १९५५ रोजी लिस्बनमध्ये झाला, स्पोर्टिंग विरुद्ध पार्टिझान, ३-३. त्यात मिलोशचे दोन गोल. परतीच्या सामन्यात पार्टिझानने पाच मारले, त्यातले चार मिलोशचे. १९५४ आणि १९५८ असे दोन विश्वचषक तो युगोस्लाव्हियाकडून खेळला.

अशा भावाच्या पाठीवर जन्मलेल्या पोराची काय गत होते हे सांगायला नको. बोरा मधल्या फळीत खेळायचा. बरा होता. पण युगोस्लाव्हियाच्या मुख्य संघाची जर्सी त्याच्या वाट्याला आली नाही. १९६६ मध्ये, बाविशीतच त्याने देश सोडला. आधी स्वित्झर्लंडमध्ये विंटरथूर, मग फ्रान्समध्ये मोनॅको, नीस, रूआँ. एकेका ठिकाणी एक-दोन वर्षं. १९७२ मध्ये तो थेट समुद्रापार मेक्सिको सिटीत पोहोचला, विद्यापीठाच्या संघात. या संघाला सगळे पुमास म्हणतात. खेळाडू म्हणून त्याची शेवटची वर्षं तिथेच गेली आणि बूट काढून ठेवल्यावर १९७७ मध्ये त्याच संघाचा तो प्रशिक्षक झाला.

ही पुमासची वर्षं मला त्याच्या सगळ्या कारकिर्दीतली सगळ्यात महत्त्वाची वाटतात, आणि तिकडेच लोकांचं लक्ष कमी जातं. विद्यापीठाचा संघ म्हणजे पैशाची चणचण आणि पोरांची रेलचेल. बोराने पोरांना खेळवलं. ह्युगो सांचेझ नावाचा दंतवैद्यकाचा विद्यार्थी त्याच संघात गोलमागून गोल करत होता. पुढे रेआल माद्रिदने त्याला डोक्यावर घेतलं तो हाच. १९८०-८१ ची मेक्सिकन लीग पुमासने जिंकली. त्याआधी १९८० मध्ये आणि पुन्हा १९८२ मध्ये उत्तर-मध्य अमेरिकेतल्या क्लबांचं अजिंक्यपदही मिळवलं. सहा वर्षं एकाच संघापाशी बसून, पोरं घडवून, चषक जिंकून दाखवणारा हा बोरा. पुढे तो पुन्हा कधी दिसला नाही.

१९८६ चा विश्वचषक खरं तर कोलंबियात व्हायचा होता. त्यांना खर्च झेपेना, त्यांनी १९८२ मध्ये हात वर केले आणि पुढच्या वर्षी यजमानपद मेक्सिकोकडे आलं. १९८३ मध्येच बोरा राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. सप्टेंबर १९८५ मध्ये मेक्सिको सिटी भूकंपाने हादरली, हजारो माणसं गेली. नऊ महिन्यांनी त्याच शहरात ॲझ्टेका स्टेडियम खच्चून भरलं. बल्गेरियाविरुद्ध मानुएल नेग्रेतेने मारलेला गोल कुणी पाहिला नसेल तर आजच्या आज पाहावा. पेनल्टी क्षेत्राच्या जरा बाहेर चेंडू हवेत असतानाच तो अगीर्रेकडे देतो, अगीर्रे तसाच हवेतून परत करतो आणि नेग्रेते आडवा होऊन, पूर्ण अंग जमिनीला समांतर ठेवून डाव्या पायाने कात्रीसारखा फटका मारतो. नेग्रेते बोराच्या पुमासमधलाच. मेक्सिको उपांत्यपूर्व फेरीत गेला. माँतेरेच्या भट्टीत पश्चिम जर्मनीला एकशेवीस मिनिटं गोल करू दिला नाही आणि मग पेनल्ट्यांवर ४-१ असा हरला. मेक्सिकोने विश्वचषकात त्यापुढे मजल मारलेली नाही. त्याआधी १९७० मध्ये तेवढीच मारली होती, तीही घरच्याच मैदानांवर.

यानंतर बोरा अर्जेंटिनात सान लोरेन्झोकडे गेला, इटलीत उदिनेसेकडे गेला आणि तिथून आठ-दहा सामन्यांत बाहेर पडला.

मग कोस्टा रिका. मार्विन रॉड्रिगेझ या स्थानिक प्रशिक्षकाने संघाला विश्वचषकाचं तिकीट मिळवून दिलं होतं. देशाच्या इतिहासात पहिल्यांदा. त्याला बाजूला करून फेडरेशनने बोराला आणलं, तेव्हा स्पर्धेला जेमतेम अडीच-तीन महिने उरले होते. आल्या आल्या त्याने लोकांच्या लाडक्या काही खेळाडूंना घरी बसवलं. वर्तमानपत्रं पेटली. हा कोण कुठला परका, याला आमची पोरं काय ठाऊक? पण मला वाटतं, ठाऊक नसणं हीच तर त्याची जमेची बाजू होती.

माझे वडील बदलीच्या सरकारी नोकरीत होते. दर काही वर्षांनी नवं गाव, नवी शाळा. बिऱ्हाड हलवण्याचा मला तिटकारा होता, पण नव्या ऑफिसात वडिलांचे पहिले दोन-तीन महिने कसे जायचे ते मी घरी ऐकलंय. नवा माणूस विचारतो, हे कपाट इथे का? हे रजिस्टर दोनदा का लिहायचं? आणि कुणाकडेच उत्तर नसतं. पूर्वीपासून आहे, एवढंच. वर्ष उलटलं की मात्र त्यालाही कपाटाची सवय होते, तोही वळसा घालून जायला लागतो. वडील स्वतःच म्हणायचे, साहेबाने करायचं ते पहिल्या पावसाच्या आत करावं.

बोराने कोस्टा रिकात तेच केलं. कोण कुणाचा लाडका, कुठल्या क्लबच्या किती खेळाडूंना घ्यायचा रिवाज आहे, हे त्याला माहीत नव्हतं किंवा माहीत करून घ्यायचं नव्हतं. त्याने बचावाची भिंत बांधली. मागे गोलकीपर गाबेलो कोनेहो, जो त्या स्पर्धेतल्या उत्तम गोलकीपरांत गणला गेला. पुढे वेगाने पळणारी एक-दोन पोरं, आणि संधी मिळेल तेव्हा मारायचं. ११ जूनला जेनोआत स्कॉटलंडविरुद्ध क्लॉडिओ हाराने टाचेने मागे सरकवलेला चेंडू हुआन कायास्सोने गोलकीपरवरून अलगद आत टाकला. १-०. स्कॉटलंडचे पाठीराखे डोक्याला हात लावून बसले. मग ट्यूरिनचा तो पट्ट्यापट्ट्यांचा पराभव. मग २० जूनला स्वीडन. पहिला गोल स्वीडनचा, पंचाहत्तराव्या मिनिटाला फ्री किकवर रॉजर फ्लोरेसच्या डोक्याने बरोबरी, आणि सामना संपायला दोन-तीन मिनिटं असताना बदली म्हणून आलेला एर्नान मेडफोर्ड एकटा चेंडू घेऊन जो सुटला तो गोल करूनच थांबला. २-१. पहिल्याच विश्वचषकात कोस्टा रिका बाद फेरीत. तिथे मात्र कोनेहो जखमी होऊन बाहेर बसला आणि चेकोस्लोव्हाकियाने ४-१ ने धुतलं. स्कुहराव्हीने तीन गोल मारले, त्यातले बहुतेक डोक्याने. कोनेहो असता तर, हा प्रश्न कोस्टा रिकात अजून विचारला जातो म्हणे.

माझा एक मित्र कोल्हापूरचा, पेठेतला, तालमीच्या फुटबॉलवर वाढलेला. शाहू स्टेडियमवरचा सामना आणि विश्वचषकाची फायनल यांत त्याला डावं-उजवं करता येत नाही. त्याच्यापाशी मी बोराचं कौतुक करायला लागलो की तो एका वाक्यात विषय संपवतो: "त्येनं शिजवलं आन ह्येनं वाढलं. ह्येला काय कोच म्हनायचं?"

मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मी एकदा कागद घेऊन हिशेब मांडला. १९८६ मध्ये मेक्सिको यजमान, पात्रता फेरी खेळायचीच नव्हती. १९९० मध्ये तिकीट रॉड्रिगेझने काढलेलं. १९९४ मध्ये अमेरिका यजमान, पुन्हा पात्रतेचा प्रश्न नाही. १९९८ मध्ये नायजेरियाला पात्र केलं ते फ्रान्सच्या फिलिप ट्रुसिएने आणि बोरा आला नंतर. म्हणजे पहिल्या चारही वेळा हा माणूस विश्वचषकात पोहोचला तो तयार तिकिटावर. दोन-दोन वर्षं पात्रता फेऱ्यांचे चिखल तुडवणं, उन्हात-पावसात लहानसहान देशांच्या मैदानांवर एक-एक गुण गोळा करणं, हे तोवर त्याच्या वाट्याला आलं ते एकदाच, १९९५ ते ९७ या काळात, पुन्हा मेक्सिकोकडे असताना. ते त्याने केलं. संघ पात्रही झाला. पण नोव्हेंबर १९९७ मध्ये ॲझ्टेकावर दहा खेळाडूंनिशी खेळणाऱ्या अमेरिकेशी ०-० बरोबरी झाली, घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि फेडरेशनने त्याला नारळ दिला. फ्रान्सला संघ घेऊन गेला मानुएल लापुएन्ते. म्हणजे रॉड्रिगेझच्या बाबतीत जे घडलं, तेच सात वर्षांनी बोराच्या बाबतीत.

मित्राला हे सांगितलं तर म्हणाला, "मग फिटलं की."

अमेरिकेचं प्रकरण वेगळं. तिथे तो १९९१ पासून होता, म्हणजे त्याच्या मानाने मुक्कामच. अमेरिकेत तेव्हा देशव्यापी व्यावसायिक लीगच नव्हती. फेडरेशनने कॅलिफोर्नियात मिशन व्हिएहो इथे छावणी उघडली, खेळाडूंना पगार देऊन वर्षभर तिथे ठेवलं आणि मिळेल त्या देशाशी मैत्रीपूर्ण सामने लावले. १९९१ चा गोल्ड कप, म्हणजे उत्तर-मध्य अमेरिकेतल्या देशांचा चषक, त्यांनी जिंकला. जून १९९३ मध्ये फॉक्सबरोला इंग्लंडला २-० ने हरवलं, तेव्हा इंग्लंडात काय गहजब झाला असेल ते सोडा, अमेरिकेत मात्र फारसं कुणी वळून पाहिलं नाही. बोरा सराव असा घ्यायचा की खेळाडू सुरुवातीला चक्रावून जात. इंग्रजी मोडकंतोडकं, त्यात स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, सर्बियन मिसळलेलं. प्रश्न विचारला तर उत्तराऐवजी प्रश्नच परत. पत्रकारांना तर तो हातोहात फिरवायचा. "यो रेस्पेतो", मी आदर करतो, असं स्पॅनिशमध्ये म्हणून मोकळा. कशाचा, कुणाचा, ते पुढच्याने ठरवावं.

२२ जून १९९४, पासाडीनाचं रोझ बोल, नव्वद हजारांहून जास्त प्रेक्षक. समोर ज्यांना अनेकांनी संभाव्य विजेते ठरवलं होतं ते कोलंबिया. अमेरिकेच्या हार्क्सचा क्रॉस अडवायला कोलंबियाचा आंद्रेस एस्कोबार घसरत गेला आणि चेंडू त्याच्याच पायाला लागून आत गेला. अमेरिका २-१ ने जिंकली. दहा दिवसांनी मेदेयिनमध्ये एस्कोबारला गोळ्या घालून मारलं. अमेरिकेच्या फुटबॉल-इतिहासातल्या सर्वांत मोठ्या विजयांपैकी एक आणि या खेळातली सगळ्यात काळी घटना एकाच चेंडूत गुंतलेल्या आहेत. त्या सामन्याबद्दल लिहिताना कुणालाही उड्या मारता येत नाहीत. ४ जुलैला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, ब्राझीलने बेबेटोच्या गोलने त्यांना बाहेर काढलं, तेही लिओनार्डोला लाल कार्ड मिळून दहा खेळाडू उरले असताना.

याच दिवसांत बोराचा स्वतःचा देश कुठे होता? कुठेच नव्हता. युगोस्लाव्हिया फुटत होता, युद्ध पेटलं होतं, मे १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी निर्बंध लादले. युरो स्पर्धेसाठी स्वीडनमध्ये दाखल झालेल्या युगोस्लाव्ह संघाला खेळू न देता परत पाठवलं आणि त्याच्या जागी आयत्या वेळी बोलावलेल्या डेन्मार्कने चक्क अजिंक्यपद पटकावलं. १९९४ च्या पात्रता फेरीतही युगोस्लाव्हियाला प्रवेश नव्हता. सर्बियाचा फुटबॉल विश्वचषकातून हद्दपार असताना एक सर्ब मात्र यजमान देशाच्या बाकावर बसला होता. १९९९ मध्ये तर त्याहून विचित्र. मार्च ते जून नाटोची विमानं बेलग्रेडवर बॉम्ब टाकत होती, आणि बोरा अमेरिकेत, न्यूयॉर्कच्या पलीकडच्या तीरावर न्यू जर्सीत मेट्रोस्टार्स या क्लबचा प्रशिक्षक होता. त्या मोसमात मेट्रोस्टार्स बत्तीसपैकी पंचवीस सामने हरले. अमेरिकन लीगच्या इतिहासातल्या सर्वांत वाईट मोसमांपैकी तो एक. क्लबचं काम म्हणजे शनिवारी हरल्यावर सोमवारी तीच तोंडं, तेच कपाट. ते त्याला मानवत नसावं.

नायजेरियाचं थोडक्यात सांगतो. दोन वर्षांपूर्वी ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेली ती पिढी, ओकोचा, कानू, ओलिसे, बाबायारो. त्यांना शिकवायचं काय? नाँतमध्ये स्पेनविरुद्ध ते दोनदा मागे पडले, दोनदा बरोबरीत आले. दुसऱ्यांदा तर लावालचा क्रॉस स्पेनच्या गोलकीपर झुबिझारेटाने स्वतःच्याच हाताने आत ढकलला. आणि मग ओलिसेने पंचवीस-तीस मीटरवरून असा सणसणीत फटका मारला की गोलकीपर नुसताच आडवा झाला. ३-२. गटात पहिला क्रमांक. बाद फेरीत मात्र डेन्मार्कने ४-१ ने लोळवलं, पहिल्या बारा मिनिटांतच दोन गोल. तोच डेन्मार्क, ज्याला युगोस्लाव्हियाच्या जागी बोलावलं होतं. योगायोग आहे, पण बोराच्या कारकिर्दीत असे योगायोग फार.

आता चीन.

चीनने विश्वचषकाच्या पात्रतेसाठी पहिला प्रयत्न केला तो १९५७ मध्ये. त्यानंतर मध्ये बरीच वर्षं ते बाहेरच राहिले, आणि परतल्यावर दर वेळी हातातोंडाशी आलेला घास निसटत गेला. बोराच्या आधी इंग्लंडचा बॉब हॉटन तिथे प्रशिक्षक होता, त्यालाही जमलं नाही. (हाच हॉटन पुढे भारताचा प्रशिक्षक झाला आणि २०११ च्या आशिया चषकापर्यंत आपल्याला घेऊन गेला.) २००० मध्ये बोरा आला. चिनी लोक त्याला मिलू म्हणायला लागले.

त्याने आल्या आल्या काय केलं? खेळाडूंना हसायला लावलं. हे वाचायला बाळबोध वाटेल. पण चीनचं फुटबॉल म्हणजे तेव्हा मैदानाला फेऱ्या, तंदुरुस्तीच्या परीक्षा आणि हरल्यावर खाली घातलेल्या माना. बोरा मध्ये जाळी बांधून फूट-टेनिस खेळायला लावायचा. टेनिससारखं कोर्ट, पण चेंडू पायाने, डोक्याने, छातीने पलीकडे घालायचा. स्वतःही उतरायचा, पन्नाशी उलटलेला माणूस, आणि जिंकण्यासाठी खेळायचा. आनंदाने फुटबॉल खेळा, हे त्याचं पालुपद. डोक्यावरच्या टोपीवर चिनी अक्षरांत लिहिलेलं: वृत्तीवर सगळं ठरतं. वर्तमानपत्रांनी त्याची टर उडवली. इतक्या पगारात हा पोरखेळ? २००० च्या आशिया चषकात चीन चौथा आला, तेव्हा टीकेला आणखी धार आली. फूट-टेनिस काही बंद झालं नाही.

आणि मग ७ ऑक्टोबर २००१. शेनयांगचं वुलिहे स्टेडियम. ओमानविरुद्ध यू गेनवेईने पूर्वार्धात एक गोल मारला, तो पुरला. दोन सामने शिल्लक असतानाच चीन विश्वचषकाला पात्र. चव्वेचाळीस वर्षांची प्रतीक्षा संपली म्हणून गावोगावी लोक रस्त्यावर आले. खरं म्हणजे वाट जरा सोपी झाली होती, कारण जपान आणि दक्षिण कोरिया यजमान असल्यामुळे पात्रता फेरीत नव्हतेच. पण सोपी वाटही चालावी लागते, आणि याआधी सोप्या सामन्यांतच चीनने माती खाल्ली होती.

म्हणजे स्वतः पात्र करून स्वतः विश्वचषकाला नेलेला बोराचा हा एकमेव संघ. हे एकदाच स्वतः शिजवून स्वतः वाढलं म्हणा. आणि या संघाने काय केलं? कोस्टा रिकाकडून ०-२, ब्राझीलकडून ०-४, तुर्कस्तानकडून ०-३. एकही गुण नाही, एकही गोल नाही. ब्राझीलविरुद्ध झाओ जुन्झेचा फटका खांबाला लागला, तुर्कस्तानविरुद्ध यांग चेनचा. बाकीच्या चार वेळा तिकीट तयार मिळालं आणि त्या चारही संघांना त्याने पुढच्या फेरीत नेलं. इथे सगळं आपल्या हाताने उभं केलं आणि हाती भोपळा. मी या विरोधाभासावर बराच विचार केलाय आणि माझं मत असं झालंय की यात विरोधाभास नाहीच. चिनी संघाची ताकद तेवढीच होती. ती पूर्ण वापरून तो दारापर्यंत आला, आत गेल्यावर खर्चायला काही उरलं नव्हतं. त्यानंतर चीन आजतागायत विश्वचषकात दिसलेला नाही. वुलिहे स्टेडियमही २००७ मध्ये सुरुंग लावून पाडलं.

विश्वचषकातल्या चीनच्या त्या पहिल्या सामन्यात समोरच्या, कोस्टा रिकाच्या बाकावर होता अलेक्झांड्रे गिमाराएस. १९९० च्या बोराच्या संघातला खेळाडू. त्याच स्पर्धेत मेक्सिकोचा प्रशिक्षक होता हाविएर अगीर्रे, ज्याने १९८६ मध्ये नेग्रेतेला तो चेंडू हवेतून परत दिला होता. अगीर्रेला मेक्सिकोने २०१० ला बोलावलं आणि २०२६ च्या विश्वचषकासाठी पुन्हा बोलावलं. मेडफोर्डही पुढे कोस्टा रिकाचा प्रशिक्षक झाला, ह्युगो सांचेझ मेक्सिकोचा. कुठेही न टिकणाऱ्या माणसाची माणसं अशी ठिकठिकाणी टिकली.

गिमाराएस तर आपल्या दारात येऊन गेला. २०१६ मध्ये तो मुंबई सिटी एफसीचा प्रशिक्षक झाला. अंधेरीच्या मैदानावर दिएगो फोर्लान खेळत होता म्हणून सगळे फोर्लानकडे बघत होते, पण साखळीत मुंबई पहिली आली ती गिमाराएसच्या संयमी आखणीमुळे. मागे शिस्त, पुढे वेग. उपांत्य फेरीत कोलकात्याने त्यांना घालवलं. ट्यूरिनमध्ये पट्ट्यांची जर्सी घातलेल्या संघातला माणूस पंचवीस-सव्वीस वर्षांनी अंधेरीत बाकावर बसला होता, आणि पश्चिम रेल्वेने घरी जाणाऱ्या प्रेक्षकांत किती जणांना ते माहीत होतं, देव जाणे.

तसं पाहिलं तर बोराच्या गावाकडची माणसं त्याआधीच आपल्याकडे पोहोचली होती. १९८३-८४ मध्ये भारताचे प्रशिक्षक होते युगोस्लाव्हियाचे मिलोवान चिरिच. त्यांच्या हाताखाली भारताने कोलकात्याच्या नेहरू चषकात प्रशिक्षक बिलार्डोच्या अर्जेंटिनाला एकच गोल करू दिला आणि पात्रता फेरी खेळून १९८४ च्या आशिया चषकात जागा मिळवली. सिंगापूरला इराणविरुद्ध ०-० बरोबरी झाली. त्यानंतर त्या स्पर्धेत परत जायला आपल्याला २०११ उजाडावं लागलं, त्या हॉटनबरोबर. बोरा भारतात आला असता तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. बहुधा काही झालं नसतं. त्याला आवडायचं ते ठरलेली तारीख असलेलं काम, समोर तीन सामने आणि घरी परतायचं विमान. आपल्याकडे तारखाच ठरत नाहीत.

चीननंतरचा उतार मी पटकन सांगतो. होंडुरास, मग कतारचा अल सद, मग जमैका. कुठेच धड जमलं नाही. २००९ मध्ये इराकने त्याला अगदी थोड्या काळासाठी बोलावलं, दक्षिण आफ्रिकेतल्या कॉन्फेडरेशन्स कपसाठी, म्हणजे खंडोखंडीच्या विजेत्यांच्या स्पर्धेसाठी. १९८६ मध्ये ॲझ्टेकावर त्याच्या मेक्सिकोने ज्यांना १-० ने हरवलं होतं तेच इराक. युद्धाने पिचलेला देश, धड घरचं मैदानही नाही, आणि बोराची पुन्हा तीच कसब: थोड्या दिवसांत भिंत उभी केली. यजमान दक्षिण आफ्रिकेशी ०-०. युरोपविजेत्या स्पेनने कसाबसा एक गोल मारला, व्हियाने. न्यूझीलंडशी ०-०. तीन सामन्यांत खाल्लेला गोल फक्त एक.

हे मी मित्राला मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्याने बोटं मोजली. चीनचे तीन, इराकचे तीन.

"सा मॅची. मारल्याला गोल किती?"

शून्य, म्हटलं.

"आन तू ह्येच्यावर लेख लिवनार?"